कातळ एक, माती निराळी

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचले व महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापणारा काळा पाषाण तयार झाला. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पायाखाली हाच पाषाण आहे आणि फलटणलाही हाच. परंतु महाबळेश्वरच्या पठारावर तांबडा जांभा दिसतो, तर फलटणच्या सखल भागात उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन. दोन्ही ठिकाणांतील अंतर शंभर किलोमीटरहूनही कमी आहे.

हा फरक मुख्यतः पाण्याने घडविला आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा पाण्यात चुना, पोटॅश, इतकेच नव्हे तर सिलिकाही विरघळून वाहून जाते. मागे उरतात ती लोह व ॲल्युमिनियमची संयुगे. जांभा हे एकदोन शतकांचे काम नव्हे. लक्षावधी वर्षांच्या उष्ण व दमट हवेची ती ठेव आहे. सह्याद्री ओलांडून पूर्वेस जाताना पाऊस झपाट्याने ओसरतो. तेथे चुना जमिनीतच राहतो, खाली चुनखडीचे खडे बनतात आणि पाण्याने फुगणारी चिकणमाती तयार होते.

उताराचे कामही तितकेच मोठे आहे. एकाच गावच्या शिवारात टेकडीवर वीतभर मुरमाड जमीन, मध्यावर मध्यम व ओढ्याकाठी खोल काळी माती असते. माथ्यावरील बारीक कण व क्षार पाण्याबरोबर खाली उतरतात. म्हणूनच सखल जमिनीत कालव्याचे पाणी आले आणि निचरा नसला, की ती लवकर चोपण होते.

रशियन शास्त्रज्ञ डोकुचाएव यांनी १८८३ मध्ये आपल्या देशातील काळ्या मातीवरील ग्रंथात माती ही हवामान, सजीव, खडक, भूरचना व काळ यांची निर्मिती असल्याचे दाखविले. यांतील सजीव हा घटक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून विस्मरणात जातो. वास्तविक चिमूटभर मातीत कोट्यवधी जीवाणू असतात, आणि कोणत्या जमिनीत कोणते जीवाणू नांदावेत हे ओलावा, उष्णता व आम्लता ठरवितात. अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू उदासीन किंवा किंचित विम्ल जमिनीत जोमाने काम करतात. आम्ल जमिनीत ते मंदावतात व पाचोळा कुजविण्याचे काम बरेचसे बुरशीकडे जाते. भातखाचरात पाणी साचून हवा कोंडली, की काही जीवाणू नायट्रेटमधील नत्र वायुरूपाने उडवून लावतात. मात्र त्याच पाण्यात नीलहरित शेवाळ हवेतील नत्र बांधून देते, हे प्रा. डे यांनी १९३९ मध्ये दाखविले.

काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय द्रव्य, हा समज मात्र सोडावयास हवा. दख्खनच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहून कमीच आढळतो, कारण उष्ण हवेत जीवाणू कुजविण्याचे काम वेगाने उरकतात.

पहिल्या पावसाचा मृद्गंध हादेखील बराचसा ॲक्टिनोमायसीट वर्गातील जीवाणूंचाच. तापलेली कोरडी माती भिजताच सुप्त जीवाणू एकाएकी जागे होतात व थोड्याच दिवसांत बराच नत्र मोकळा करतात. त्या वेळी शेतात पीक नसेल, तर पुढील जोराच्या सरीबरोबर तो निघून जातो. वेळेवर पेरणीचा आग्रह धरण्यामागे हेही एक कारण आहे.

जीवाणू खतांची पाकिटे गावोगाव वाटताना हे ध्यानात घेतले जात नाही. हरभऱ्याचा रायझोबियम तुरीच्या मुळांवर गाठी धरीत नाही. कोकणातील आम्ल जमिनीत पुष्कळसे रायझोबियम नीट तग धरीत नाहीत. तेथे माती तपासून आधी चुना द्यावा लागतो. पाकीट उन्हात पडून राहिले, तर कोणत्याच जमिनीत उपयोग नाही. परिणाम झाला की नाही, हे पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी एक-दोन झाडे मातीसकट अलगद उपटावीत, मुळे पाण्यात धुवावीत व गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग असला तर जीवाणू नत्र बांधीत आहेत. पांढरी किंवा हिरवट गाठ निरुपयोगी. शाळेतील मुलांनाही हे सहज करता येते.