मान हलविण्याचा अर्थ

मान वरखाली हलली म्हणजे होकार व आडवी हलली म्हणजे नकार, हा नियम साऱ्या जगास लागू आहे, असे धान्याच्या बाजारात जन्म घालविलेल्या आम्हांस पुष्कळ वर्षे वाटत असे. व्यापारी बंधूंपैकी अनेकांची हीच समजूत असेल.

चार्ल्स डार्विन यांनी 1872 साली प्रसिद्ध केलेल्या भावदर्शनविषयक ग्रंथात या खुणांचे मूळ तान्ह्या मुलांत शोधले आहे. पोट भरलेले मूल तोंड बाजूस फिरविते. तोच त्याचा नकार. घरात नातवंडे असणाऱ्यांस हे पटण्यास ग्रंथाची गरज नाही. परंतु ग्रीस व तुर्कस्तान येथील लोक नकार देताना डोके मागे टाकतात, भुवया उंचावतात व पुष्कळदा जिभेने 'च्' असा आवाज करतात. दक्षिण इटलीत नेपल्सच्या बाजूसही हीच रीत आढळते. प्राचीन काळी तेथे ग्रीकांच्या वसाहती होत्या, हे त्याचे कारण सांगतात.

सर्वांत नवल बल्गेरियाचे. तेथे मान आडवी हलविणे म्हणजे होकार! 1877-78 च्या युद्धात तेथे गेलेल्या रशियन शिपायांची यामुळे झालेली त्रेधा भाषापंडित रोमान याकोबसन यांनी वर्णिली आहे. शिपाई तेथील रीतीने मान हलवू लागले, तर बल्गेरियन माणसास कळेना की, हा आपल्या रीतीने बोलतो आहे की आमच्या! दोघांचे तराजू खरे, पण वजने निराळी.

इतक्या दूर तरी कशास जावे? 1984 साली बेळगावात आमच्या पेढीवर मद्रासकडील एक खरेदीदार आले. तुरीची वानगी पाहून त्यांनी भाव विचारला. आम्ही सांगताच त्यांनी मान या खांद्याकडून त्या खांद्याकडे डोलावली. नकार समजून आम्ही क्विंटलमागे 5 रुपये उतरलो. पुन्हा तेच डोलणे, पुन्हा 5 रुपये. तेव्हा ते हसून मोडक्या हिंदीत म्हणाले, "सेठजी, मी पहिल्यानेच कबूल केले होते." त्या सज्जनांनी पहिला भाव देऊ केला. पण गादीवर बसलेल्या आमच्या वडिलांनी, मुखातून गेलेला भाव परत घेणे नाही, असे सांगून 200 क्विंटल माल उतरलेल्या भावानेच तोलून दिला. आम्हांस ते एका शब्दानेही बोलले नाहीत. मात्र दिवाळीच्या हिशेबात ते 2,000 रुपये आमच्या खाती नावे टाकलेले आढळले.