कोळप्याचं चित्र आणि कोळपं

चि. बाळास,



तू पाठवलेली, तण काढायच्या सायकल कोळप्याची स्केचेस नीट पाहिली. हात चांगला आहे तुझा, रेघ स्वच्छ आहे. पण सगळ्या पानांवर कोळपं एकच आहे. मुठीचं वळण आणि रंग तेवढे बदललेत. आणि जमिनीत शिरणारी पास, जिच्यासाठी हे सगळं अवजार उभं करायचं, ती तू कोपऱ्यात दोन रेघांत उरकली आहेस. कॉलेजात या चित्रांचं कौतुक होईलही. मला मात्र त्यात अजून डिझाइन दिसत नाही, आणि ते तुला आत्ताच सांगायला हवं, कारण डिप्लोमाचं वर्ष भुर्रकन जातं.

डिझाइन म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. गावोगावचा हापसा तू लहानपणापासून पाहिला आहेस. शाळेच्या अंगणात, देवळामागे, वस्तीच्या तोंडाशी. त्याला इंडिया मार्क टू म्हणतात. 1970च्या दशकापर्यंत बोअरवर बसवले जाणारे बरेचसे पंप ओतीव लोखंडाचे होते, युरोप-अमेरिकेतल्या घरगुती पंपांच्या नकला. तिकडे एक घर दिवसातून थोडं पाणी काढायचं. इथे अख्खं गाव पहाटेपासून रांग लावायचं. दांड्याच्या खिळी झिजायच्या, खिळींची भोकं मोठी व्हायची, दांडा डुगडुगायचा आणि एक दिवस ओतीव लोखंड तडकायचं. दुष्काळात बोअर मारले, पाणी लागलं, आणि वर पंप बंद, अशी गत होती.

त्यावरचा उपाय दिल्लीच्या एखाद्या ड्रॉइंग बोर्डवर सुरू झाला नाही. आपल्याकडेच जालन्यात आणि सोलापुरात, रोज मोडके पंप दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताखाली पोलादी पंप घडत गेले. त्यातल्या सोलापूरच्या पंपाचा गाभा उचलून युनिसेफ, सरकार, मद्रासची एक यांत्रिकी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी यांनी मार्क टू घडवला. कोइम्बतूरजवळ तो खऱ्या गावात, खऱ्या बोअरवर बसवून तपासला. 1977च्या सुमारास उत्पादन सुरू झालं. त्याचं पेटंट कुणी आपल्याजवळ ठेवलं नाही. 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे पन्नासेक लाख पंप जगभर गेले होते.

आता त्याचा एकेक भाग बघ. खिळी झिजतात, म्हणून अनेक सांधे काढून दांड्याला एकच सांधा ठेवला आणि त्यात बंद बॉल बेअरिंग घातली. दांड्याचं टोक कमानीत फिरतं पण आतली सळई सरळ वर यायला हवी, नाहीतर ती घासते. म्हणून दांड्याच्या टोकाला गोलाईचा तुकडा दिला आणि सळई साखळीने टांगली. साखळी फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही, तेव्हा परत खाली जाणं सळयांच्या वजनावर सोडलं. पंप हलतो, म्हणून त्याचे पाय काँक्रीटमध्ये गाडले. पोरं आत खडे टाकतात, म्हणून डोकं झाकलं. एकही भाग शोभेसाठी नाही, आणि तरी तो उभा राहिला की देखणा दिसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे बाळा. चित्रातल्या प्रत्येक भागाकडे बोट दाखवून मी विचारलं, ‘हा कुणाच्या तक्रारीसाठी आहे?’ तर तुला उत्तर देता आलं पाहिजे. तुझ्या चाकावरचं ते प्लॅस्टिकचं कव्हर कुणी मागितलं?

म्हणून आधी तक्रारी गोळा कर. पाऊस उघडून वापसा आला की सोयाबीनच्या शेतात जा. प्रश्नावली नेऊ नकोस. बाया कोळपत असतील तिथे बांधावर बस आणि बघ. पास बोथट असेल किंवा तिचा कोन चुकला असेल तर ती तणावरून नुसती सरकत जाते. तिचं नाक फार खाली असेल तर जमिनीत घुसून थांबते आणि मुठीचा गुद्दा पोटात बसतो. काळी माती ओली असली की पास आणि चाक यांच्यामध्ये गोळा धरतो, मग दर थोड्या पावलांवर थांबून पायाने माती काढायची. मूठ बहुतेकदा पुरुषाच्या उंचीने बसवलेली असते आणि कोळपत असते बाई. हे तोंडाने कुणी सांगणार नाही, कारण त्यांच्या दृष्टीने कोळपं असंच असतं. ते तुला डोळ्यांनीच टिपायला हवं.

मग एकेका तक्रारीवर दहा-दहा अंगठ्याएवढी चित्रं काढ. घाणेरडी चालतील. ती भिंतीवर लाव आणि त्यातली जी लगेच करून बघता येतील ती कर. जुनं सायकलचं चाक भंगारात मिळेल, पाइप आणि पट्टी गावातला वेल्डर जोडून देईल. पासेचा कोन ठरवण्यासाठी संगणकावर रात्री घालवू नकोस. तीन वेगळ्या कोनांच्या पासा करून घे, एकाच सांगाड्यावर बदलून बसव आणि एकाच सरीत चालव. माती एका सकाळी उत्तर देते. नमुना मात्र रंगवू नकोस. चकचकीत वस्तू हातात दिली की माणसं भिडेने ‘छान आहे’ म्हणतात. गंजकी, ओबडधोबड दिली की मोकळेपणाने नावं ठेवतात, आणि तीच तुझी कमाई.

नमुना जमला की काम संपतं असं तुझ्या वयात वाटतं. खरं तर तिथून पुढचं अर्धं काम कुणाच्या नजरेत येत नाही. तुला एक कोळपं करता आलं, पण तालुक्याच्या फॅब्रिकेशनवाल्याला तुझ्या ड्रॉइंगवरून, तुला फोन न करता, शंभर करता येतील का? नट-बोल्ट एकाच मापाचे ठेवलेस का, म्हणजे शेतकऱ्याच्या घरात असलेल्या एका पान्याने सगळं उघडेल? पास झिजल्यावर कुठे मिळेल? मार्क टू पंपातही दुरुस्तीचाच प्रश्न राहून गेला होता. खालचा वॉशर बदलायचा तर सगळे पाइप वर ओढावे लागायचे, त्याला गाडी आणि माणसं लागायची. पुढे मार्क थ्रीमध्ये पाइप रुंद केला, म्हणजे पिस्टन त्यातूनच वर काढता येतो. लाखो पंप बसल्यानंतरही तक्रार ऐकून घेणारी माणसं होती, याचं मला फार मोल वाटतं.

मुठीबद्दल एक. उंची कमी-जास्त होण्यासाठी तू लांबट खाच दाखवली आहेस. खाच नको, ओळीने भोकं पाड. खाचेतली मूठ नुसत्या नटाच्या पकडीवर उभी असते. धक्क्यांनी नट सैल झाला की ती घसरते. भोकात बोल्ट असला तर नट सैल झाला तरी मूठ जागची हलत नाही. पहिल्या शेतफेरीचे फोटो आणि पासांची मापं पाठव, आपण फोनवर बोलू. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका