विक्रोळीत झुडपांची छाटणी : किती पैसे, कोणाला आणि कधी

‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणतात खरं, पण विक्रोळीतली थंडी होळीपर्यंत थांबत नाही. जानेवारी सरता सरता दुपारचा पंखा सुरू होतो आणि त्याच सुमाराला माळी गेटवर येऊन विचारतो, ‘‘कटिंग करायचं का?’’ कन्नमवार नगरात तळमजल्यांपुढे लावलेल्या जास्वंदी असोत, टागोर नगरातल्या कंपाउंडवर चढलेली बोगनवेल असो, की पुनर्विकासातून उभ्या राहिलेल्या टॉवरच्या पोडियमवरचं ड्युरांटाचं कुंपण असो, उत्तर बहुतेक ठिकाणी ठरलेलं : ‘‘हो, सगळंच साफ करून टाका.’’ हे वाक्य मजुरीपेक्षा महाग पडतं. मजुरी हजार-दोन हजारांत भागते. नको ते झुडूप नको त्या महिन्यात कापलं, तर त्याची वर्षभराची फुलं गेली.

तेव्हा दर विचारण्याआधी झुडपं वेगळी करून घ्या. फुलं नव्या फुटीवर येतात की जुन्या काडीवर, हे आधी पाहायचं. नव्या फुटीवर फुलणाऱ्याला आत्ता कापलं की ते उन्हाळ्यात अंगभर फुटतं. जुन्या काडीवर कळ्या धरणाऱ्याला आत्ता कापलं की कळ्यांसकट सगळं कचऱ्यात जातं.

मोगरा पहिल्या गटातला. त्याच्याकडे आधी लक्ष द्या, कारण त्याचे दिवस पटकन निघून जातात. फूलशेती करणारे शेतकरी थंडीत मोगऱ्याचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात, पानं झडू देतात, मग जमिनीपासून साधारण दीड फुटावर छाटतात आणि खतपाणी सुरू करतात. कुंडीतल्या मोगऱ्यालाही हेच लागू, प्रमाण तेवढं लहान. जानेवारीत पंधरा दिवस पाणी अगदी बेताचं, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात छाटणी, राहिलेली पानं हाताने खुडायची, वरची दोन इंच माती उकरून खत घालायचं. मार्चमध्ये कळ्या दिसू लागतात. मार्चच्या अखेरीस छाटलेला मोगराही फुलतो, पण तोवर बहराचा निम्मा उन्हाळा निघून गेलेला असतो.

जास्वंदही नव्या फुटीवरच फुलते. उंचीचा एक तृतीयांश भाग काढायचा. त्याआधी पानाच्या बेचक्यात आणि कोवळ्या शेंड्यावर नीट बघा. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. अशा फांद्या आधी वेगळ्या काढून पिशवीत बांधायच्या आणि मगच बाकीची छाटणी करायची. नाहीतर माळ्याच्या त्याच कात्रीवरून आणि हातांवरून तो शेजारच्या कुंडीत जातो. फांदी मेली की जिवंत, याचा संशय आला तर नखाने साल जराशी खरवडा. आत हिरवं ओलसर दिसलं तर जिवंत; तपकिरी कोरडं दिसलं तर हिरवं लागेपर्यंत खाली कापत जा.

तगर, कण्हेर, मधुमालती, पारिजातक यांनाही आत्ता कात्री चालते. कुंद आणि कोरांटी यांचा थंडीतला बहर ओसरला की त्यांचीही पाळी. कढीपत्त्याचे शेंडे तर खुडायलाच हवेत. कण्हेरीच्या बाबतीत एक लक्षात ठेवा : तिचं पान, काडी, चीक सगळं विषारी आहे. हातमोजे घालायचे, काड्या मुलांच्या आणि जनावरांच्या वाटेतून उचलायच्या आणि कधीही जाळायच्या नाहीत, कारण धूरही बाधतो.

आता हात लावायचा नाही अशी झुडपं. अनंत एप्रिल-मेपासून फुलायला लागतो आणि त्याची तयारी आधीच झालेली असते. त्याला पावसाळ्यातला बहर ओसरल्यावर छाटा. बोगनवेल तर फेब्रुवारीत ऐन रंगात असते. तिची छाटणी मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर. गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात होते. आत्ता फक्त सुकलेली फुलं खालच्या दोन पानांसकट उडवायची. एक्झोऱ्याला आकारापुरता स्पर्श पुरे. माळ्याला हे सांगितलं की तो म्हणतो, ‘‘ताई, परत यावं लागेल मग.’’ येऊ द्या. मे महिन्यातली त्याची दुसरी फेरी तुमच्या फायद्याची आहे. सगळं एकाच दिवशी उरकण्यात फायदा त्याचा.

आता दर. पूर्व उपनगरात साधारण असे भाव सांगितले जातात. जागा, मजला आणि घासाघीस यांनुसार थोडंफार वरखाली होणारच. बाल्कनीतल्या पंधरा-वीस कुंड्यांची एका फेरीची छाटणी, माती मोकळी करून खत घालण्यासकट, ४०० ते ७०० रुपये. आठवड्यातून एकदा येणाऱ्या माळ्याचे महिन्याला १,००० ते २,००० रुपये, आणि त्यात वर्षाच्या दोन छाटण्या धरलेल्या असायला हव्यात. ‘कटिंगचे वेगळे’ असं फेब्रुवारीत ऐकावं लागू नये म्हणून हे ठरवतानाच बोलून घ्या. सोसायटीसाठी दिवसावर लावलं, तर हात बसलेल्या माळ्याचे १,००० ते १,२०० आणि मदतनिसाचे ७०० ते ८०० रुपये. बोगनवेलीसारख्या काटेरी झाडाचे दोनशे-तीनशे जास्त मागतात. तेवढे द्यावेत, ते काम खरंच रक्त काढणारं आहे.

समजा, तुमच्या इमारतीत चाळीसेक झुडपं आणि साठ फुटांचं मेंदीचं किंवा ड्युरांटाचं कुंपण आहे. दोन माणसांचं एका दिवसाचं हे काम : मजुरी १,९०० च्या आसपास, तीस किलो सुटं गांडूळखत २५ रुपयांनी ७५०, पाला उचलायला छोटा टेम्पो १,५०० ते २,०००. साडेचार हजारांच्या आसपास बसतं. याच कामाचं एखाद्या एजन्सीचं कोटेशन आठ-दहा हजारांचं येतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. एजन्सी घ्यायचीच नाही असं मी म्हणणार नाही. पोडियमवर ठिबक सिंचन आणि वर्षभराची देखभाल असेल, तर पावती देणारा आणि माळी आजारी पडल्यावर बदली माणूस पाठवणारा कुणीतरी हवाच. पण एका दिवसाच्या छाटणीसाठी कमिटीने एवढे पैसे मोजण्याचं कारण मला दिसत नाही.

या हिशेबात लोकांना चकवतो तो टेम्पो. मजुरी ठरवताना ‘पाला कोणाचा?’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. संध्याकाळी गेटपाशी हिरव्या फांद्यांचा ढीग लागतो आणि सकाळची कचरागाडी तो घेत नाही. वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला शंभर किलोहून जास्त ओला कचरा होणाऱ्या संकुलांना महापालिकेने ऑक्टोबर २०१७ पासून कचरा आपल्याच आवारात जिरवायला सांगितलं आहे. लहान इमारतींनाही तोच उपाय स्वस्त पडतो : कोवळा पाला खतखड्ड्यात, जाड काड्या बोटभर तुकडे करून तळाशी. मिलीबग लागलेलं मात्र खतात घालायचं नाही. टेम्पो केलात, तर तो कुठे रिकामा होणार ते विचारून घ्या. विक्रोळीच्या पूर्वेला खाडी आहे, कांदळवन आहे. कांदळवनाभोवतीचा पन्नास मीटरचा पट्टा राखायला मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. अंधारात तिथे फांद्या लोटून येणाऱ्याला आपले पैसे जायला नकोत. कोपऱ्यात काडी लावून मोकळं होणं हाही मार्ग नाही. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच ५,००० रुपये दंड ठरवला, आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,०००. इमारतीतली पोरं होळीसाठी काड्या मागायला येतात, त्यांना सुकलेल्या तेवढ्या द्या, कण्हेर वगळून.

झुडूप आणि झाड यांतली सीमारेषा माळी पाळत नाही. जास्वंद कापून झाली की त्याचा हात सोनचाफ्याकडे, जांभळाकडे वळतो, ‘‘याचीही एक फांदी उडवतो, खिडकीत येते.’’ तिथे थांबवा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली सोसायटीच्या आवारातलं झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि मोठ्या फांद्यांची छाटणीही परवानगी घेऊनच करायची असते. कन्नमवार नगर, टागोर नगर यांचा अर्ज भांडुपला लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एस विभाग कार्यालयात जातो. पार्कसाइटवाल्यांचा घाटकोपर पूर्वेला एन विभागात. दोन्हीकडे उद्यान खात्याकडे द्यायचा. पावसाळ्याआधी धोकादायक फांद्या छाटून घ्या, असं आवाहन महापालिका दरवर्षी सोसायट्यांना करते. ते वाचून मेमध्ये धावपळ करण्यापेक्षा अर्ज आत्ताच टाकलेला बरा. परवानगी नसताना झाड कापलं तर गुन्हा दाखल होतो, आणि त्यात नाव येतं कमिटीचं. माळी तोवर दुसऱ्या गेटवर असतो.

स्वतः कापणाऱ्याचा खर्च फार नाही. हातात मावणारी छाटणीची कात्री, म्हणजे सिकेटर, ३०० ते ६०० रुपयांना चांगली मिळते. दीडशेवाली काडी कापत नाही, चेंगरते. अंगठ्याहून जाड फांदीला छोटी करवत, २५० ते ४००. पाच किलो गांडूळखताची पिशवी १५० ते २५०, निंबोळी पेंड किलोला ५० ते ८०. पहिल्या वर्षी हजार-बाराशे, पुढच्या वर्षापासून नुसतं खत. काप तिरका घ्यायचा, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर. डोळा आत वळलेला असेल तर नवी फांदी आत शिरते आणि झुडपाच्या पोटात गिचमीड होते. म्हणून आधी सुकलेल्या, मग एकमेकींना घासणाऱ्या, मग आत वळलेल्या फांद्या काढा. एवढ्यावर बऱ्याचदा काम भागतं. एका झुडपावरून दुसऱ्याकडे जाताना पातं स्पिरिटने पुसा. आणि कात्री उचलण्याआधी फांद्या हळूच बाजूला करून बघा, या दिवसांत बुलबुल आणि शिंजीर जास्वंदीत, मोगऱ्यात घरटं करतात. घरटं असेल तर त्या झुडपाची छाटणी पिल्लं उडेपर्यंत राहू द्या.

माळ्याकडून करवून घेताना एक बारीकशी गोष्ट. जास्वंदीच्या पेन्सिलएवढ्या जाड काड्या लावल्या की सहज रुजतात. चतुर माळी त्या ओल्या गोणपाटात गुंडाळून नेतो, आणि दोन महिन्यांनी तीच जास्वंद पिशवीत लागून शंभर-दीडशे रुपयांना विकली जाते. यात वाईट काही नाही, फक्त पाच-सहा काड्या आपल्यासाठी मागून घ्या. त्याच्याकडचं खत मात्र शक्यतो घेऊ नका. ‘खत’ म्हणून येणाऱ्या पिशवीत बरीचशी लाल मातीच असते.

राहिला हायड्रेंजिया. थंडीत रोपवाटिकांत निळ्या-गुलाबी फुलांचे गेंद घेऊन तो दिसतो, कुंडीसकट चार-पाचशेच्या घरात. फेब्रुवारीत फुलं वाळली की विचारणा सुरू होते, कुठे कापू? हे थंड हवेचं झाड. महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यांत ते शोभतं. त्याच्या कळ्या आदल्या हंगामाच्या काडीवर धरतात, त्यासाठी कित्येक आठवडे पारा अठराच्या खाली राहावा लागतो, आणि पुढे त्या उमलायला त्याहून कडक गारठा लागतो. मुंबईत १९६२ च्या जानेवारीत सांताक्रूझला पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, पण अशा एखाद्या रात्रीने त्याचं भागत नाही. वाळलेला गेंद तेवढा पहिल्या जोमदार डोळ्याच्या वर उडवा, कुंडी उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या गॅलरीत सावलीला ठेवा, पाणी चुकवू नका. पानं छान राहतील. फुलांची खात्री देऊन ‘हार्ड कटिंग’चे पैसे मागणाऱ्या माळ्याला नको म्हणा. त्याच पैशांत मोगऱ्याची दोन रोपं येतात.