मुलांच्या मनाच्या वॉर्डातली सिस्टर

ताईंनो, मागच्या ग्रामसंघाच्या बैठकीत किशोरवयीन मुलांच्या आरोग्याचा विषय निघाला, तेव्हा एका ताईंनी विचारलं, "लेकराला मनाच्या डॉक्टरांकडं भरती केलं तर तिथं बांधून ठेवतात का हो?" बऱ्याच जणींच्या मनात हेच असतं. आणि या भीतीपोटी आपण आधी देवऋषी गाठतो, मग महिने जातात. म्हणून या वेळचा पाठ त्यावरच.

आधी कायदा बघू. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार कुणालाही साखळीनं बांधता येत नाही. जिवाला तातडीचा धोका असेल आणि दुसरा उपायच नसेल, तर डॉक्टरांच्या परवानगीनं तेवढ्यापुरतं आवरता येतं, शिक्षा म्हणून कधीच नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या पेशंटपासून वेगळं ठेवावं लागतं आणि घरचं माणूस पूर्ण वेळ सोबत राहतं. मुलगी असेल तर सोबत बाईमाणूसच हवं. म्हणजे आई, तुम्ही तिथं असणार आहात.

आणि तुमच्याइतकाच वेळ तिथं असते ती सिस्टर. एमएसडब्ल्यूला असताना माझं फिल्डवर्क मानसोपचार विभागात होतं, तेव्हा हे जवळून पाहिलं. डॉक्टर राउंड घेऊन जातात. मूल रात्री किती वाजता झोपलं, ताटात किती टाकलं, कुणाचा फोन आल्यावर गप्प झालं, हे सिस्टरच्या वहीत असतं. ड्यूटी बदलताना ती सगळं पुढच्या सिस्टरला सांगते. त्यावरून डॉक्टर औषध ठरवतात, बदलतात.

भरती करताना ती पिशवी तपासते. ब्लेड, पट्टा, ओढणी, चार्जरची वायर बाजूला काढते. राग मानू नका, यात मुलीवर अविश्वास नसतो. गोळी दिल्यावर ती गिळेपर्यंत थांबते, कारण काही मुलं गोळी गालात धरून ठेवतात. मूल चिडलं, वस्तू फेकायला लागलं, तर बाकीच्यांना बाजूला करून एकटी सिस्टर हळू आवाजात बोलते, थोडं अंतर ठेवून. आपल्याकडं अशा वेळी घरातले पाचही जण एकदम ओरडतात! हे एवढं तरी आपण तिच्याकडून शिकावं.

सगळ्यात अवघड काम बोलण्याचं. "मरून जावं असं वाटतं का?" हे ती सरळ विचारते. असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात येतो, हा गैरसमज आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून मुलांना मोकळं वाटतं. पण ती आधीच सांगून ठेवते, "तू सांगशील ते मी गावभर करणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल तर डॉक्टरांना सांगावंच लागेल." खोटं वचन देत नाही.

तिला तुमच्याकडून काय हवं असतं? खरी माहिती. झोप कधीपासून उडाली, शाळा कधी सुटली, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, अंगारा-जडीबुटी काय दिली. ओशाळू नका, तारखा कागदावर लिहून न्या. उदासपणाच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. चौथ्या दिवशी "फरक नाही" म्हणून बंद करू नका. सुरुवातीला मूल जास्त बेचैन झालं किंवा मरणाचं बोलू लागलं, तर मात्र लगेच कळवा.

घरी सोडताना सिस्टर एक प्रश्न हमखास विचारते: घरात फवारणीचं औषध, तणनाशक, उंदराचं औषध कुठं ठेवता? आपल्याकडं ते मोरीच्या कोपऱ्यात नाहीतर पलंगाखाली असतं. मुलांच्या मनात असा विचार बऱ्याचदा रागाच्या एका झटक्यात येतो. ती वेळ टळली की जीव वाचतो. म्हणून हे सगळं कुलपात ठेवा, किल्ली मोठ्या माणसाकडं. ज्या घरात आजारी कुणी नाही, तिथंही हे आजच करा.

सुरुवात करायला लगेच मनोरुग्णालयात जावं लागत नाही. टेलिमानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. मुलानं विष घेतलं किंवा स्वतःला इजा केली असेल तर फोनवर वेळ न घालवता 108 बोलवा. पोलीस केसच्या भीतीनं लपवू नका. याच कायद्यानं असा प्रयत्न करणाऱ्याला तणावाखाली असल्याचं मानलं जातं आणि त्याला शिक्षा करू नये असं म्हटलं आहे.

आता बारावीच्या लेकी असणाऱ्या ताईंसाठी. नर्सिंग म्हटलं की आपल्याला इंजेक्शन आणि बाळंतपणच आठवतं. पण तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर मानसोपचार नर्सिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा करता येतो. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत हे शिक्षण मिळतं आणि तिथं मुलांचा वेगळा मानसोपचार विभागही आहे. बी.एस्सी.ला बारावी सायन्स, जीवशास्त्रासह लागतं. ज्या मुलीला भांडण मिटवता येतं, लहानग्यांजवळ तासभर शांत बसता येतं, तिला हे काम जमेल असं मला वाटतं. अर्जाबद्दल विचारायचं असेल तर पुढच्या बैठकीला मार्कशीट घेऊन मुलीलाच सोबत आणा, आपण बसून बघू.