कामांची यादी ठिकाणानुसार

धावपळीच्या दिवसाची यादी आठवेल त्या क्रमाने न लिहिता ठिकाणानुसार लिहावी. कन्हान नदीकाठच्या खाप्यासारख्या लहान गावात याची गरज अधिक. तहसील सावनेरला, मोठा बाजार आणि मोठे दवाखाने नागपूरला. एक काम राहिले की एक फेरी वाढते आणि त्यातच दिवस जातो.

जूनचा शेवट सर्वांत कठीण. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्यास उघडतात, विदर्भात मात्र उन्हामुळे शेवटच्या आठवड्यात. नेमकी तेव्हाच कपाशी-सोयाबीनच्या पेरणीची घाई असते. बियाणे, खत, पीककर्ज, वह्या-पुस्तके, उत्पन्नाचा दाखला, सारे एकदम अंगावर येते. अशा गर्दीत काम लक्षात राहते, त्याला लागणारा कागद मात्र राहून जातो. सावनेर गाठावे, रांगेत उभे राहावे आणि खिडकीशी गेल्यावर रेशनकार्डाची झेरॉक्स घरीच राहिल्याचे कळावे, हा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. म्हणून यादीत नुसते ‘दाखला’ लिहून भागत नाही. त्यापुढे आधार, रेशनकार्ड, फोटो, झेरॉक्स हेही लिहावे. बियाण्यापुढे ‘पक्की पावती’ लिहावी. उगवण झाली नाही तर तक्रारीला पावती, पिशवी आणि तिच्यावरचे लेबल लागते, आणि तोवर या वस्तू बहुधा फेकलेल्या असतात.

पानाचे तीन भाग पुरतात: खापा, सावनेर, नागपूर. प्रत्येक भागात आधी बंद होणारे ठिकाण वर घ्यावे; बँक आणि कचेरी आधी, बाजार नंतर. फोनवर होणारी कामे वेगळी लिहावीत, ती बसमध्येही उरकतात. ‘पेरणीची तयारी’ हे यादीतले काम नव्हे, कारण ते कुठून सुरू करायचे हेच त्यातून कळत नाही. ‘खताचा भाव विचारणे’ हे काम आहे.

यादी आदल्या रात्री करावी. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुणांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी ५ मिनिटे पुढील कामे लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ मिनिटे लवकर झोप लागली. अभ्यास लहान आहे, पण डोक्यातला भार कागदावर उतरला की मन सैल होते, हे कोणत्याही गृहिणीला पटेल.

संध्याकाळी उरलेली कामे नव्या पानावर हाताने उतरवावीत. तेच काम तिसऱ्यांदा उतरवावे लागले तर त्याला ठरावीक वार द्यावा किंवा ते सरळ खोडावे. घरातले दुसरे कोणी सावनेरला जाणार असेल तर कामापुढे त्याचे नाव टाकावे. त्यासाठी अक्षर सर्वांना वाचता येईल असे हवे. पावसाळ्यात बॉलपेनने लिहावे आणि चिठ्ठी कागदपत्रांसोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी.