गाळा घेऊन भाड्याने द्यायचाय? टोकन देण्याआधी हे आठ प्रश्न विचारा



गेल्या महिन्यात एका ताईंचा फोन आला. मिस्टरांनी व्हीआरएस घेतलेली, हातात साधारण ४५ लाख आलेले. ब्रोकरने एक गाळा दाखवला आणि म्हणाला, "परवापर्यंत टोकन द्या, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे." ताईंचा प्रश्न एकच होता, "दादा, घेऊ का नको?"

मी म्हटलं, ताई, हो-नाही नंतर बघू. आधी आठ प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून काढा. तेच आठ प्रश्न आज तुमच्यासाठी लिहितोय. व्हिडिओमध्ये हिशोब पटकन निघून जातो, इथे कॅल्क्युलेटर घेऊन निवांत बसा.

आणि हो, हे मी शहाणा म्हणून सांगत नाहीये. २०१८ मध्ये मी स्वतः दुकानाच्या मागच्या रस्त्यावर एक गाळा घेतला आणि यातल्या निम्म्या प्रश्नांवर आपटलो. बीबीएला रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंटवर चांगले मार्क होते, पण स्वतःचे पैसे टाकताना तो धडा आठवलाच नाही.

प्रश्न १ : गाळा खरंच केवढ्याला पडणार?

समजा, किंमत ४० लाख ठरली. आता वरचा खर्च बघा. महाराष्ट्रात महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क शहराप्रमाणे साधारण ६ ते ७ टक्के. ६ धरलं तरी २ लाख ४० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. ब्रोकर आणि वकील मिळून ४० हजार. शटर, रंग, मीटर, किरकोळ काम ९० हजार. बेरीज करा : ४४ लाख.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. बाईच्या नावावर घेतल्यावर मुद्रांक शुल्कात मिळणारी १ टक्का सवलत राहत्या घरासाठी आहे, गाळ्याला नाही. आणि बांधकाम चालू असलेल्या इमारतीत गाळा घेतलात तर जीएसटी वेगळा लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलात तर लागत नाही.

प्रश्न २ : भाड्यातून हातात किती उरणार?

ब्रोकर म्हणतो, "वीस हजार भाडं, वर्षाचे २ लाख ४० हजार, म्हणजे ६ टक्के रिटर्न!" हा त्याचा हिशोब झाला. आपला हिशोब असा :

- वर्षात एक महिना रिकामा धरा. ११ महिन्यांचं भाडं २ लाख २० हजार.
- मालमत्ता कर १८ हजार.
- मेंटेनन्स १२ हजार.
- दुरुस्ती आणि नवा भाडेकरू आणण्याची दलाली, वर्षाला सरासरी १४ हजार.

खर्च झाला ४४ हजार. हातात उरले १ लाख ७६ हजार. ते भागायचे ४४ लाखांनी, ४० ने नाही. उत्तर येतं ४ टक्के. इन्कम टॅक्स अजून गेलेला नाही.

म्हणजे गाळा घेऊच नये का? तसं नाही. गाळ्याची किंमत वाढू शकते, भाडंही दरवर्षी वाढवता येतं. पण ४ टक्क्यांची वस्तू ६ टक्क्यांची समजून घेऊ नका, एवढंच माझं म्हणणं. तुमच्या गाळ्याचे आकडे वेगळे असतील, रीत मात्र हीच ठेवा.

प्रश्न ३ : गाळा रिकामा राहिला तर हप्ता कोण भरणार?

दुकानाच्या गाळ्याला कर्ज घराच्या कर्जापेक्षा महाग पडतं आणि बँक आपल्याला स्वतःची रक्कमही जास्त घालायला लावते. समजा २४ लाख कर्ज, १०.५ टक्के, १५ वर्षं. हप्ता येतो साधारण २६,५००. भाडं २० हजार. म्हणजे भाडेकरू असतानाही दर महिन्याला साडेसहा हजार खिशातून, आणि नसताना पूर्ण साडेसव्वीस हजार.

माझ्या गाळ्याचा भाडेकरू मार्च २०२० च्या लॉकडाऊननंतर दोन महिन्यांत सोडून गेला. नंतर अकरा महिने शटर बंद. ते हप्ते मी दुकानाच्या माल भरायच्या पैशातून भरले. दिवाळीला दुकानात माल कमी पडला, जुनं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं. ते नुकसान कुठल्याच हिशोबात दिसत नाही, पण मला विचाराल तर खरं नुकसान तेच.

म्हणून माझा नियम : किमान सहा हप्ते एफडीत बाजूला असल्याशिवाय गाळ्याचं कर्ज घ्यायचं नाही. आणि चालत्या धंद्याचं खेळतं भांडवल काढून तर मुळीच नाही.

प्रश्न ४ : कागदावर तो खरंच गाळा आहे का?

डोळ्यांना शटर दिसतं म्हणून गाळा समजू नका. मंजूर नकाशा मागा. त्यावर त्या जागी 'दुकान' लिहिलंय की 'पार्किंग', ते स्वतः बघा. पार्किंगला भिंत घालून शटर लावलेले गाळे भरपूर सापडतात. उद्या पालिकेची नोटीस आली की भाडेकरू निघून जातो, आपण कुठे जाणार?

वकिलाकडून शोध अहवाल घ्या. शक्यतो तीस वर्षांचा. सोबत इंडेक्स टू, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, भोगवटा प्रमाणपत्र, कर भरल्याची शेवटची पावती, लाइट बिल आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र. नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी तपासा.

जुन्या बाजारपेठेत 'स्वस्तात दुकान' मिळत असेल तर आधी विचारा, मालकीचं आहे की पागडीचं? पागडी म्हणजे भाडेकरूचा हक्क विकत घेणं. तिथे जमिनीचा मालक आपण होत नाही.

प्रश्न ५ : इथे दुकान कोण टाकणार?

दोन दिवस त्या रस्त्यावर उभे राहा. एक दिवस कामाचा, एक रविवार. सकाळी अकराला आणि संध्याकाळी सातला. माणसं थांबतात का नुसती जातात? गाडी लावायला जागा आहे का? आजूबाजूचे किती गाळे रिकामे आहेत आणि किती दिवसांपासून? शेजारच्या चहावाल्याला विचारा, तो ब्रोकरपेक्षा खरं सांगतो.

मग कागदावर तीन धंदे लिहा, जे या गाळ्यात चालतील आणि इतकं भाडं देऊ शकतील. तीन सुचत नसतील तर भाडेकरू मिळायलाही तेवढाच वेळ लागणार.

प्रश्न ६ : करार कसा करायचा?

"अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणीची गरज नाही." हे वाक्य मी पण ऐकलं आणि पाचशेच्या स्टॅम्पवर सह्या करून मोकळा झालो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

माझा भाडेकरू म्हणाला, "भाडं अठरा नव्हतं, पंधराच ठरलं होतं." माझ्याकडे दाखवायला नोंदणीचा कागदच नव्हता. शेवटी फरक सोडून दिला.

नोंदणीला खर्च किती? भाडं २० हजार, मुदत ३६ महिने, परतीचं डिपॉझिट १ लाख धरू. एकूण भाडं ७ लाख २० हजार, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के म्हणजे तीन वर्षांचे ३० हजार. ७ लाख ५० हजारांवर पाव टक्का : १,८७५ रुपये मुद्रांक शुल्क. शहरात नोंदणी फी १,०००. वर किरकोळ हाताळणी शुल्क आणि एजंटची फी. आता हे ऑनलाइन होतं, अंगठ्याचं मशीन घेऊन एजंट दुकानात येतो.

करारात हे मुद्दे हवेतच : दरवर्षी किती टक्के वाढ, लॉक-इन किती महिने, नोटीस किती दिवसांची, लाइट बिल कोणाकडे, फर्निचर आणि बोर्ड काढताना भिंत कोण दुरुस्त करणार, मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर रोजचे किती पैसे.

प्रश्न ७ : भाडेकरू निघालाच नाही तर?

राहत्या घराचा लायसन्सी मुदतीनंतर बसून राहिला तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. पण हे कलम राहण्यासाठी दिलेल्या जागेपुरतं आहे. दुकानासाठी दिलेल्या गाळ्याला कोर्टाचा नेहमीचा रस्ता, आणि तो लांबचा.

त्यामुळे गाळ्याच्या बाबतीत डिपॉझिट घट्ट ठेवा. तीन ते सहा महिन्यांचं भाडं तरी हवंच. मीटर तुमच्या नावावर असतं, थकलेलं बिल तुमच्याच गळ्यात येतं. दर महिन्याला बिल भरलं का ते बघा. आणि भाडेकरूने तुमच्या पत्त्यावर दुकाने कायद्याची किंवा जीएसटीची नोंदणी घेतली असेल, तर ती रद्द केल्याचा किंवा पत्ता बदलल्याचा कागद मिळाल्यावरच डिपॉझिट परत. चावी घेताना तारीख घालून पावती करा.

प्रश्न ८ : टॅक्सचं काय?

भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. आपल्या उदाहरणात २ लाख २० हजार वजा १८ हजार म्हणजे २ लाख २ हजार, त्यातून ६०,६०० वजा. करपात्र राहिले १ लाख ४१ हजार ४००. कर्ज असेल तर व्याजाची वजावट वेगळी. "बायकोच्या नावावर घेऊ" म्हणत असाल, तर पैसे तुमचे असतील तेव्हा ते भाडं तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं.

आता दुकानदारांनी नीट वाचा. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाखांची आहे. पण गाळा भाड्याने देणं ही सेवा. ती सुरू झाली की मर्यादा २० लाखांवर येते, आणि त्यात दुकानाची विक्री अधिक भाडं, दोन्ही मोजतात. म्हणजे ३० लाख विक्रीचा किराणावाला एक गाळा भाड्याने देऊन नोंदणीच्या कक्षेत येऊ शकतो. तुमची नोंदणी आधीच असेल तर भाड्यावर १८ टक्के जीएसटी लावावा लागतो. गाळा घेण्याआधी सीएकडे एक चक्कर मारा.

शेवटी

त्या ताईंनी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं लिहिली, चौथ्याला मंजूर नकाशा मागितला. ब्रोकर आठ दिवस "आणतो, आणतो" करत राहिला. नकाशा आला तेव्हा त्या जागी पार्किंग होतं. टोकन दिलेलं नव्हतं, म्हणून ४५ लाख आजही त्यांच्याच खात्यात आहेत. त्या अजून गाळा शोधतायत, घाई मात्र नाही.

तुमचा गृहपाठ : तुमच्या भागातला विक्रीला असलेला एक गाळा निवडा आणि प्रश्न १, २ आणि ३ चे आकडे वहीत मांडा. घ्यायचा नसला तरी मांडा. उत्तर ४ च्या वर येतंय की खाली, ते बघा. एकदा हाताने हिशोब केला की "परवापर्यंत टोकन द्या" या वाक्याची भीती निघून जाते.

भेटू पुढच्या धड्यात. धंदा जपून करा, आकडे लिहून करा.