आरेखनांतून उलगडणारा लढाऊ विमानाचा इतिहास

नाशिक जिल्ह्यातील ओझर हे गाव देशाच्या संरक्षणसिद्धतेच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून बसले आहे. १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानंतर मिग-२१ या स्वनातीत लढाऊ विमानाचे उत्पादन भारतात सुरू झाले. विमानाचा सांगाडा व जुळणी ओझर येथे, इंजिन ओडिशातील कोरापूट येथे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबाद येथे, अशी कामाची विभागणी करण्यात आली. तीन राज्यांत तयार झालेले भाग एकमेकांत अचूक बसावेत, यासाठी सर्वांना बांधून ठेवणारा एकच दुवा होता. तो म्हणजे अभियांत्रिकी आरेखन.

आरेखन हे कारागिरासाठी आज्ञापत्र असते, तर अभ्यासकासाठी तेच इतिहासाचे साधन ठरते.

आरेखन कसे वाचावे

प्रत्येक आरेखनाच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तीत भागाचे नाव, आरेखनाचा क्रमांक, प्रमाण, धातूचा प्रकार, तारीख आणि तयार करणाऱ्याची व तपासणाऱ्याची सही असते. याच चौकटीजवळ दुरुस्त्यांची नोंद केलेली असते. एखादे छिद्र सरकविले, पत्र्याची जाडी वाढविली, तर त्याची तारीखवार नोंद तेथे सापडते. अभ्यासकाने प्रथम ही चौकट वाचावी व आकृतीकडे नंतर वळावे. त्यानंतर एकाच भागाच्या निरनिराळ्या काळातील आकृत्या एकाच प्रमाणात आणून शेजारी ठेवाव्यात. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे फरक अशा तुलनेत स्पष्ट होतात.

मिग-२१ च्या प्रकारांची बाजूची दृश्ये अशा रीतीने मांडली, तर विमानाचा विकास क्रमाने दिसू लागतो. १९६३ मध्ये भारतात आलेल्या एफ-१३ प्रकाराचे नाक निमुळते आहे. त्यानंतरच्या एफएल प्रकारात रडार बसविण्यासाठी नाकातील शंकू मोठा झाला आणि हवा आत घेणारे तोंडही रुंदावले. एम प्रकारात विमानाची पाठ अधिक भरीव झाली व पंखांखाली शस्त्रे टांगण्याच्या जागा दोनाच्या चार झाल्या. शेवटच्या बिस प्रकारात अधिक शक्तिशाली इंजिन आले.

तोफेचे उदाहरण

या मालिकेत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. एफ-१३ मध्ये तोफ आहे, एफएलमध्ये ती नाही, आणि एममध्ये पोटाखाली दुनळी २३ मिलिमीटर तोफ पुन्हा आली आहे. पुढे गेलेली रचना मागे का वळली? क्षेपणास्त्रांच्या युगात तोफेची गरज उरली नाही, असा विश्वास त्या काळी अनेक देशांतील संरचनाकारांना वाटत होता. प्रत्यक्ष हवाई झुंजीत तो टिकला नाही. १९७१ च्या युद्धात आपल्या एफएल विमानांना पोटाखाली स्वतंत्र तोफपेटी टांगावी लागली. त्यामुळे त्या जागी बसणारी इंधनाची जादा टाकी नेता येत नसे. तरीही १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर अशाच तोफेने पाकिस्तानचे एक एफ-१०४ विमान पाडण्यात आले.

घाईचा निष्कर्ष टाळावा

ओझर येथे एम प्रकाराचे उत्पादन १९७३ मध्ये सुरू झाले. यावरून १९७१ च्या युद्धातील अनुभवामुळेच विमानात तोफ बसविली गेली, असा निष्कर्ष कोणीही सहज काढील. परंतु तो चुकीचा ठरेल. कारण एम प्रकाराची मूळ रचना सोव्हिएत संघात १९७१ पूर्वीच पूर्ण झालेली होती. कारखान्यात उत्पादन केव्हा सुरू झाले आणि रचना केव्हा ठरली, या दोन भिन्न तारखा होत. मूळ आरेखनावरील तारीख पाहणारा अभ्यासक या भ्रमातून वाचतो.

दुसरी मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. काय बदलले हे आरेखन सांगते; का बदलले हे बहुधा सांगत नाही. त्यासाठी युद्धवृत्ते, वैमानिकांचे अहवाल व दुरुस्तीच्या नोंदवह्या पाहाव्या लागतात. शिवाय कागदावरील प्रत्येक बदल विमानात उतरलेला असतोच असे नाही. म्हणून संग्रहालयातील विमान व जुनी छायाचित्रे यांच्याशी आरेखन ताडून पाहणे अगत्याचे असते. संरक्षणविषयक मूळ आरेखने गोपनीय असू शकतात. शाळा-महाविद्यालयांतील अभ्यास प्रसिद्ध झालेल्या आकृत्यांवरही उत्तम होऊ शकतो.

जतनाची निकड

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ ला वायुदलाने निरोप दिला. विमान सेवेतून गेले की त्याची आरेखने निरुपयोगी मानली जाण्याचा धोका असतो. दमट खोली, वाळवी व घड्या यांमुळे कागद नष्ट होतो आणि त्याबरोबर हजारो कामगारांच्या श्रमांचा पुरावाही जातो. असे कागद सपाट अथवा गुंडाळी करून, कोरड्या जागी, क्रमांकवार सूचीसह ठेवले पाहिजेत.

हा धडा विमानापुरता मर्यादित नाही. प्राणहिता खोऱ्यातील बेज्जूरसारख्या गावातील शाळेची इमारत असो वा एखाद्या तालुक्यातील बंधारा असो, त्याच्या नकाशाची पहिली प्रत जपणे, प्रत्येक फेरबदलाची तारीख घालणे आणि त्याचे कारण एका ओळीत लिहून ठेवणे हे संबंधितांचे कर्तव्य होय. तीस वर्षांनी भिंतीला तडा गेला किंवा बंधारा झिरपू लागला, तर नेमके कोठे पाहावे हे पुढच्या पिढीला त्याच ओळीवरून कळेल.